पदवीनंतर अमेरिकेत वकील व्हायचं तर: आधी राज्य ठरवा

चहाचा कप हातात असेल तर तो घेऊनच बसा, कारण आजचा विषय जरा लांबणार आहे.

यंदा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. मुलगी पोलिटिकल सायन्स घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आता म्हणते वकील व्हायचंय. काकांचा प्रश्न असा, "आमच्या आजोबांच्या घरचे सगळे कागद फोर्टातले एक सॉलिसिटर बघायचे. तशी सॉलिसिटरची परीक्षा असते का इथे? आणि पदवी झाली की लगेच देता येते का?" त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आवरताना एका मुलीनं हळूच विचारलं, "ताई, माझं नागपूरहून एलएलबी झालंय. चार वर्षं एच-फोरवर आहे. त्या डिग्रीचा इथे काही उपयोग होतो का हो?"

काकांना मी म्हटलं, कार्यक्रमात सांगते. त्या मुलीला मात्र तिथेच सांगितलं, होतो. आज दोघांनाही सविस्तर उत्तर देते.

आधी काकांचा सॉलिसिटर. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर वेगळा आणि बॅरिस्टर वेगळा, आणि २०२१ पासून तिथे एसक्यूई नावाची नवी परीक्षा आली आहे. कोणत्याही विषयातली पदवी, ही परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव, असा तिथला आजचा रस्ता. लंडनला भाचे-पुतणे असतील तर त्यांना हे सांगा. अमेरिकेत अशी फाळणी नाही. कागद करणारा आणि कोर्टात उभा राहणारा, दोघांची सनद एकच. दोघेही अ‍ॅटर्नी.

पण फाळणी इथेही आहे, ती राज्यांची. "अमेरिकेचा वकील" असं काही नसतंच. न्यूयॉर्कचा वकील असतो, टेक्ससचा असतो, कॅलिफोर्नियाचा असतो. परीक्षेला कोण बसू शकतं, पास व्हायला किती गुण लागतात, परदेशी पदवी चालते की नाही, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. आपल्याकडची मंडळी आधी कॉलेज ठरवतात, मग कर्ज, आणि राज्याचा विचार सगळ्यात शेवटी. तो क्रम उलटा हवा. का, ते पुढे कळेलच.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण आपल्या लोकांच्या वकिलीची इथली सुरुवात तिथे आहे. सखाराम गणेश पंडित हे नाव ऐकलंय का? जन्म १८७५ चा, अहमदाबादेतला. नाव असं की आपण कान टवकारावेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत आले, तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत फिरले, आणि १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं. १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले. त्या काळी तिथे वकिलीला नागरिकत्व लागायचं, आणि नागरिकत्व "गोऱ्या" माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळायचं. हिंदी माणूस यात कुठे बसतो, हे एकेका न्यायाधीशाच्या मर्जीवर होतं.

मग भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंड यांच्या बाजूनं पंडित वकील होते. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला: हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही. त्या निकालानंतर सरकारनं आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात पंडितांवरही दावा आला. विचार करा. अशिलाचा खटला हरला, आणि त्याच निकालाच्या जोरावर सरकार वकिलाच्या दारात उभं. नागरिकत्व गेलं असतं तर सनदही गेली असती, घर चालवायचा धंदाच गेला असता.

पंडितांनी वंशाचा वाद पुन्हा उकरलाच नाही. त्यांचं म्हणणं इतकंच: १९१४ मध्ये हाच प्रश्न कोर्टापुढे होता, सरकारला हरकत घ्यायची संधी होती, अपिलाची संधी होती. सरकारनं अपील केलं नाही. एकदा ठरलेला मुद्दा आता पुन्हा काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टानं हे मान्य केलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला, आणि पंडितांची सनद राहिली. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. भावनेचा मुद्दा समोर असताना त्यानं प्रक्रियेचा मुद्दा धरला आणि तो घट्ट धरून ठेवला.

कॅलिफोर्नियानं वकिलीसाठी नागरिकत्वाची अट १९७२ मध्ये काढली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ग्रिफिथ्स नावाच्या डच बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला केवळ नागरिक नाही म्हणून कोणतंही राज्य वकिलीपासून अडवू शकत नाही. म्हणजे आज तुमच्या मुलीचं ग्रीन कार्ड झालेलं असेल तर हा प्रश्न मिटला. फक्त केंद्रीय न्याय खात्यातल्या बहुतेक वकिलीच्या नोकऱ्यांना अजूनही नागरिकत्व लागतं. सरकारी वकील व्हायचं स्वप्न असेल तर हे लक्षात असू द्या.

(संगीत)

आता काकांच्या मुलीचा रस्ता. इथे कायदा हा बारावीनंतरचा अभ्यासक्रम नाही. आधी चार वर्षांची पदवी, कोणत्याही विषयातली. इतिहास चालतो, गणित चालतं, संगीतसुद्धा चालतं. मग एलसॅट ही प्रवेश परीक्षा, गुण १२० ते १८० च्या मधले. पूर्वी त्यात कोड्यांचा एक भाग असायचा, तो ऑगस्ट २०२४ पासून गेला. आता तर्क आणि वाचन. घरात थोरल्या भावाची जुनी पुस्तकं पडली असतील तर ती वापरू नका. काही लॉ स्कूल एलसॅटऐवजी जीआरईही घेतात.

मग तीन वर्षांची जेडी. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेली लॉ स्कूल्स सुमारे २०० आहेत, आणि अशा शाळेतली जेडी झाली की कोणत्याही राज्याच्या परीक्षेला बसता येतं. पहिलं वर्ष सगळ्यात कठीण. करार, मालमत्ता, नुकसानभरपाई, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी, घटना. बऱ्याच विषयांत वर्गातले गुण वर्गमित्रांशी तुलना करून ठरतात, म्हणजे आपण चांगलं लिहून भागत नाही, इतरांपेक्षा चांगलं लिहावं लागतं. नोकरी सोडायची नसेल तर संध्याकाळचे वर्ग असलेली लॉ स्कूल्सही आहेत, वॉशिंग्टनला जॉर्जटाउन, लॉस एंजेलिसला लोयोला. तिथे साधारण चार वर्षं लागतात.

खर्चाचं मात्र स्पष्ट बोलू या. मोठ्या खाजगी विद्यापीठांत वर्षाची नुसती फी ७५,००० डॉलरच्या वर गेली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्यानं केंद्र सरकारचं कर्ज घेणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर मिळतात. वरचं सगळं बँकेकडून किंवा आईवडिलांच्या खिशातून. दुसरीकडे पगाराचं चित्र दोन टोकांचं आहे. न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २०२३ च्या अखेरीपासून २,२५,००० डॉलर. गरिबांचे खटले लढणाऱ्या सरकारी बचाव वकिलाला अनेक ठिकाणी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सार्वजनिक सेवेत १२० मासिक हप्ते भरले तर उरलेलं केंद्रीय कर्ज माफ होण्याची योजना आहे, पण ती केंद्रीय कर्जालाच लागू, बँकेच्या नाही. माझं मत विचाराल तर, मोठ्या नावासाठी दीड-दोन लाखांचं जादा कर्ज काढण्यापेक्षा ज्या राज्यात राहायचंय तिथल्या चांगल्या सरकारी विद्यापीठात शिष्यवृत्ती घ्यावी. यावर मला चिडून लिहिणारे असतील. जरूर लिहा.

ज्या घरांत ग्रीन कार्ड अजून झालेलं नाही, त्यांनी आता नीट ऐका. एच-फोरवर वाढलेलं मूल २१ वर्षांचं झालं की ते तुमच्या व्हिसाखालून बाहेर पडतं. पदवी संपते साधारण २२ व्या वर्षी. म्हणजे लॉ स्कूलच्या दारात पोचेपर्यंत ते मूल बहुधा एफ-वन विद्यार्थी झालेलं असतं: केंद्र सरकारचं कर्ज नाही, जेडीनंतर कामाचं एक वर्ष, आणि पुढे एच-वनची लॉटरी. इंजिनियरांना मिळणारी जादाची दोन वर्षं वकिलांना मिळत नाहीत. असं मूल वकील होऊ शकत नाही असं नाही, होतात. पण हा हिशेब पदवीच्या दुसऱ्या वर्षी मांडायचा असतो. शेवटच्या वर्षी मांडला तर हातात फार थोडे पर्याय उरतात.

आणि घरात इंजिनियरिंग झालेलं, पण कायद्याकडे ओढा असलेलं कुणी असेल तर एक आडवाट आहे. पेटंट कार्यालयाची परीक्षा. शंभर प्रश्न, सहा तास. विज्ञान किंवा इंजिनियरिंगची पदवी लागते, कायद्याची लागत नाही. पास झालात तर पेटंट एजंट. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलं तरी कामाचा परवाना असेल तर मर्यादित मान्यता मिळू शकते. तीन वर्षांच्या फीची उडी मारण्याआधी पाण्यात पाय बुडवून बघायला ही जागा वाईट नाही.

लॉ स्कूलला न जाताही वकील होता येतं, असं कुणीतरी सांगितलं असेलच. खरं आहे, पण कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हर्मॉंट, वॉशिंग्टन अशा मोजक्या राज्यांत. कॅलिफोर्नियात वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली चार वर्षं, आठवड्याला १८ तास, आणि पहिल्या वर्षानंतर एक वेगळी परीक्षा. किम कार्डाशियनमुळे हे सगळ्यांना ठाऊक झालं. चार वर्षं तुम्हाला फुकट शिकवेल असा वकील सापडणं हा यातला खरा अडथळा. उलट टोकाला विस्कॉन्सिन आहे. तिथल्या दोन लॉ स्कूलमधून जेडी झालेल्याला त्या राज्यात बारची परीक्षाच द्यावी लागत नाही. बघा, राज्य ठरवा म्हणते ते यासाठी.

(संगीत)

आता स्वयंपाकघरातल्या त्या मुलीकडे येते. तिचं उत्तर मला पाठ आहे, कारण आमच्या घरात ते घडलंय.

माझी वहिनी पुण्याहून एलएलबी करून, सनद घेऊन, तीन वर्षं कोर्टात काम करून लग्नानंतर न्यू जर्सीला आली. आल्या आल्या ओळखीच्या एकानं सांगितलं, "तुमची डिग्री इथे शून्य. परत सगळं पहिल्यापासून." तिनं विश्वास ठेवला. सात वर्षं. काळा कोट कपाटात, आणि आम्ही सगळे तिला बेकिंगचे क्लास सुचवत होतो. मीसुद्धा. आज आठवलं की लाज वाटते.

त्या माणसाचं अर्धं खरं होतं. न्यू जर्सीत परीक्षेला बसायला इथलीच जेडी लागते. पण नदीपलीकडे न्यूयॉर्कचा नियम वेगळा आहे. भारताची कायदा पद्धती इंग्लंडच्या कॉमन लॉवर उभी, हे न्यूयॉर्क मान्य करतं. कायद्याचं शिक्षण कालावधीनं आणि विषयांनी इथल्या जेडीच्या बरोबरीचं असेल, वर्गात बसून केलेलं असेल, आणि त्यावर भारतात वकिली करता येत असेल, तर न्यूयॉर्कचं परीक्षा मंडळ थेट बसू देऊ शकतं. कालावधी कमी पडतो असं मंडळाला वाटलं तर इथे वर्षभराची एलएलएम करावी लागते, किमान २४ क्रेडिटची, आणि त्यात काही विषय ठरलेले. म्हणून एलएलएमला प्रवेश घेण्याआधी मंडळाकडून पदवीची तपासणी करून घ्या. कुणी उगाच साठ-सत्तर हजार डॉलर घालवू नयेत.

कॅलिफोर्नियाचा नियम आणखी वेगळा. तिथे भारतातली चालू सनद असेल तर एलएलएमशिवाय बसता येतं. म्हणून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे ती जिवंत ठेवा. निघताना "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका.

वहिनीच्या परीक्षेपेक्षा तिच्या कागदांनाच जास्त घाम गाळावा लागला. न्यूयॉर्कला गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट हव्या असतात, आपण नेऊन दिलेल्या चालत नाहीत. आमचे बाबा विद्यापीठाच्या खिडकीवर किती वेळा गेले असतील! "साहेब रजेवर आहेत" पासून "अमेरिकेला पाकीट पाठवायचा नियम नाही" पर्यंत सगळं ऐकून आले. अकरा महिने. म्हणून सांगते, हे काम परीक्षेच्या निदान वर्षभर आधी हाती घ्या, आणि तिकडे जाऊन उभं राहील असं घरचं माणूस ठरवून ठेवा.

परीक्षा दोन दिवसांची, फेब्रुवारीच्या आणि जुलैच्या शेवटी. न्यूयॉर्कसह सुमारे ४० ठिकाणी एकच सामायिक परीक्षा घेतात: २०० बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंध, आणि हाताशी दिलेल्या कागदांवरून करायची दोन कामं. गुण ४०० पैकी. पासाची रेषा पुन्हा राज्यागणिक: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत २६६, टेक्सस आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २७०. जुलै २०२६ पासून मेरीलँड, मिझुरी, ओरेगन, वॉशिंग्टन अशी काही राज्यं नव्या धाटणीच्या परीक्षेकडे वळत आहेत, तेव्हा पुस्तकं विकत घेण्याआधी आपल्या राज्याचं वेळापत्रक बघा. याखेरीज व्यावसायिक नीतीची एक वेगळी परीक्षा, साठ प्रश्न, दोन तास. न्यूयॉर्कला तिच्यात ८५ लागतात, कॅलिफोर्नियाला ८६. न्यूयॉर्कला शिवाय पन्नास तासांची विनामूल्य कायदेशीर सेवा आणि न्यूयॉर्कच्या कायद्यावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा.

वहिनी पहिल्यांदा नापास झाली. अकरा गुणांनी. भारतात आपण कलम आठवून पानभर लिहितो. इथे प्रश्नातली प्रत्येक घटना नियमाला लावून दाखवावी लागते, तीही अर्ध्या तासात. दुसऱ्या वेळी तिनं नवीन काही वाचलंच नाही. दहा आठवडे रोज नुसते जुने प्रश्न लिहिले. सहा वर्षांचा मुलगा शाळेतून यायच्या आत दोन निबंध. पास झाली.

मग येतो चारित्र्याचा अर्ज. याला आपली मंडळी हसतात आणि तिथेच अडकतात. राहिलेले सगळे पत्ते, केलेल्या सगळ्या नोकऱ्या, कर्जं, कॉलेजात झालेली शिक्षा, अटक झाली असेल तर ती. किरकोळ चूक बहुधा माफ होते, लपवलेली चूक होत नाही. लॉ स्कूलच्या अर्जात काय लिहिलं होतं तेही ताडून बघतात. काकांच्या मुलीनं पहिल्या वर्षी होस्टेलवर काही उद्योग केले असतील तर ते आत्ताच, लॉ स्कूलच्या अर्जात, सरळ लिहावेत. आई-बाबांना कळेल म्हणून लपवू नयेत.

एक गोष्ट अगदी स्पष्ट. परीक्षेला बसायला कामाचा परवाना लागत नाही, काम करायला लागतो. एच-फोरवर असाल तर परवाना येईपर्यंत अभ्यास आणि परीक्षा उरकून ठेवता येतात. वहिनीनं तेच केलं. आणि सनद मिळेपर्यंत कुणाला कायद्याचा सल्ला देऊ नका. मंडळात कुणी म्हणेल, "तुम्ही वकील ना, एवढा इमिग्रेशनचा फॉर्म भरून द्या." नाही म्हणा. सनदेविना वकिली हा इथे गुन्हा आहे, आणि पुढे चारित्र्याच्या अर्जात तोच आडवा येतो.

न्यूयॉर्कबाहेर राहणाऱ्यांचा शपथविधी अल्बनीच्या कोर्टात होतो. आम्ही सगळे गेलो होतो, बाबासुद्धा. वहिनी राहते अजून न्यू जर्सीतच. काम मात्र इमिग्रेशनचं करते, मॅनहॅटनच्या एका छोट्या ऑफिसातून. तो केंद्र सरकारचा विषय असल्यामुळे कोणत्याही एका राज्याची सनद असली की देशभरातल्या अशिलांसाठी इमिग्रेशन खात्यापुढे उभं राहता येतं.

काका, तुमच्या मुलीला सांगा, आधी एक कागद घे आणि त्यावर पुढची दहा वर्षं कुठे राहायचंय त्या राज्याचं नाव लिही. आणि नागपूरच्या मुली, तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. वहिनी म्हणाली, गुणपत्रिकांचा अर्ज या आठवड्यातच टाक, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी.

पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. नमस्कार.